खाणं तेवढंच, मग वजन गेलं कुठे?

प्रश्न : माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. दिवाळीत त्यांचं वजन ६८ किलो होतं, आता सात महिन्यांनी ६१ भरलं. ना त्यांनी खाणं कमी केलं, ना व्यायाम सुरू केला. उलट भूक वाढल्यासारखी वाटते. पँट कमरेला राहीना म्हणून त्यांनी पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली, तेव्हा आमच्या लक्षात आलं. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, पण ‘वयाचं आहे’ म्हणतात. शेजारी म्हणतात, बरं झालं, पोट गेलं. सासूबाई दर शनिवारी नजर काढतात. दिरांनी टॉनिकच्या बाटल्या आणून दिल्यात. साखर दीड वर्षापूर्वी तपासली होती, नॉर्मल होती. खाणं तेवढंच असताना वजन जातं तरी कुठे? आणि काळजी करावी की नाही?
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. एक कुतूहलाचा, वजन जातं कुठे. दुसरा काळजीचा, हे आजाराचं लक्षण आहे का. पहिल्याचा उलगडा झाला की दुसऱ्याची वाट बरीच मोकळी होते, म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

अंगावरची चरबी घामातून वितळून जाते, असं पुष्कळांना वाटतं. काहींना वाटतं, ती संडासवाटे जाते. दोन्ही खरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी २०१४ मध्ये याचा हिशेब मांडून दाखवला. दहा किलो चरबी पूर्ण जळली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या अंगावरची जी चरबी गेली, तिच्यातली बहुतेक त्यांच्या नाकातोंडावाटेच गेली, तीही कुणाच्या नजरेस न पडता, रात्री झोपेतसुद्धा.

पण चरबी जाळायची वेळ शरीरावर का आली? इथे घरखर्चाच्या वहीची उपमा चपखल बसते. अन्नातून येणारी ऊर्जा ही जमा, आणि हृदय, मेंदू, स्नायू, अंगाची ऊब यांवर जाणारी ऊर्जा हा खर्च. जमा कमी पडली की शरीर शिलकीला हात घालतं. ही शिल्लक म्हणजे चरबी, आणि तिच्या जोडीला स्नायूसुद्धा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. सात किलोंचे झाले सुमारे ५४ हजार. सात महिन्यांच्या दिवसांत ते वाटले तर रोजची तूट निघते जेमतेम २५० कॅलरींची. मध्यम आकाराची पोळी शंभर कॅलरींची धरली, तर अडीच पोळ्या. आणि ही तूट सगळं वजन चरबीचंच गेलं असं धरून आली आहे. स्नायू आणि पाणीही गेलं असेल तर ती याहून कमी भरेल.

हा आकडा मुद्दाम काढून दाखवला. रोजची अडीच पोळ्यांची तूट जेवायला वाढणाऱ्यालाही कळत नाही आणि जेवणाऱ्यालाही कळत नाही. त्यामुळे ‘खाणं तेवढंच आहे’ हे वाक्य प्रामाणिक असलं तरी ते पुरावा म्हणून चालत नाही. शिवाय खाणं खरोखर तेवढंच असलं, तरी हिशेब इतर ठिकाणी बिघडू शकतो. खाल्लेलं अन्न आतड्यात शोषलंच गेलं नसेल, शोषलेलं शरीराबाहेर निसटत असेल, किंवा शरीराचा खर्चच वाढला असेल. डॉक्टरच्या डोक्यात पहिल्या भेटीत नेमके हेच प्रश्न फिरत असतात.

आता किती घट झाली तर मनावर घ्यावं? वैद्यकात सर्वसाधारण रेघ अशी आहे : सहा महिने ते वर्षभरात, कोणताही प्रयत्न न करता, मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट. तुमच्या सासऱ्यांच्या ६८ किलोंचे पाच टक्के म्हणजे ३.४ किलो. त्यांचं घटलंय सात, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. ही ‘बरं झालं, पोट गेलं’ म्हणून सोडून देण्याची घट नाही. साठीनंतर वजन थोडं थोडं उतरत जातं हे खरं, पण ते वर्षाला काही शे ग्रॅमने. सात महिन्यांत सात किलो वयामुळे जात नाहीत.

काट्याबद्दलही एक सांगायला हवं. दिवसभरात वजन किलो-दीड किलोने सहज मागेपुढे होतं, कारण पाणी, जेवण, लघवी, संडास. दोन दिवसांत दोन किलो गेले तर ते बहुधा पाणीच असतं. म्हणून सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, हलक्या कपड्यांत वजन करावं. वजन घटल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं वजन मुळात घटलेलंच नसतं, वेगळ्या काट्याचा तो घोळ असतो. उलटही होतं. पायांवर किंवा पोटात पाणी साठलं असेल तर काटा जैसे थे राहतो आणि आतून दंड-मांड्या वाळत जातात. अशा वेळी सैल झालेल्या बांगड्या, घसरणारी अंगठी, दंडात ढिला पडलेला ब्लाउज हे पुरावे काट्याहून खरे ठरतात. तुमच्या घरात तर काटा आणि पट्टा दोघांचंही एकमत आहे, म्हणजे घट खरी आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही ओझरती लिहिली आहे : भूक वाढली आहे. ‘भूक चांगली आहे ना, मग आजार कसला?’ असं घरोघरी म्हटलं जातं, आणि हाच समज सर्वांत फसवा आहे. भूक शाबूत असून वजन उतरत असेल तर शोध उलट सोपा होतो. मग पहिले संशयित दोन-तीनच उरतात, आणि त्यांत आपल्याकडे पहिलं नाव मधुमेहाचं.

मधुमेहात वजन कसं घटतं ते पाहू. मूत्रपिंडं रोज कितीतरी लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातली साखर जवळजवळ सगळी परत रक्तात घेतात. पण या परत घेण्यालाही मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत घेता येत नाही आणि उरलेली लघवीतून जाऊ लागते. साखर आपल्यासोबत पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते. पाणी गेल्यामुळे तहान वाढते. आणि प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर चार कॅलरी जातात. दिवसाला ६०-७० ग्रॅम साखर अशी निसटली, तर मघाशी काढलेली २५० कॅलरींची तूट तिथेच पुरी होते. ताटात काहीच बदललेलं नसतं.

दुसरीकडे, साखर पेशींत शिरायला इन्शुलिन लागतं. ते कमी पडलं की रक्तात साखर भरपूर असूनही स्नायू उपाशी राहतात. मग शरीर चरबी आणि स्नायू मोडून गरज भागवतं. भूक वाढते ती त्यामुळेच. इन्शुलिन मिळण्याआधीच्या काळात या आजाराची मुलं अक्षरशः हाडांचा सापळा होत. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला जगात पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं, तेव्हा तो १४ वर्षांचा होता आणि त्याचं वजन तीस किलोही नव्हतं.

इथे तुमच्या घरातले तीन समज सोडवू.

पहिला, ‘लघवी वयामुळे’. साठीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि रात्री उठावं लागतं, हे खरंच आहे. पण त्यात बहुधा थोडी थोडी लघवी होते, धार बारीक असते, सुरू व्हायला वेळ लागतो. साखरेमुळे उठणाऱ्याला प्रत्येक वेळी भरपूर लघवी होते, घसा कोरडा पडतो, आणि उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी रिकामा असतो. सासऱ्यांना एवढंच विचारा : दर वेळी किती होते, आणि मध्ये पाणी पिता का? लघवीला मुंग्या लागल्याची खूण जुने लोक सांगतात. ती आढळली तर लक्षात घ्यावी, पण मुंग्या लागल्या नाहीत म्हणून साखर नाही, असं धरू नये.

दुसरा, ‘दीड वर्षापूर्वी नॉर्मल होती’. तो रिपोर्ट त्या दिवसापुरता होता. मधुमेह या मधल्या काळात सहज सुरू होऊ शकतो, आणि वजन घसरायला लागलं तेही त्यानंतरच.

तिसरा पत्रात स्पष्ट आलेला नाही, पण असणारच : ‘ते तर मुळात लठ्ठ नव्हते, त्यांना कशी साखर?’ बारीक माणसाला मधुमेह होत नाही हा समज आपल्याकडे तरी टाकूनच द्यावा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते, आणि मधुमेह तिथेही होतो.

मधुमेहाखालोखाल, भूक असून वजन घटवणारी दुसरी गोष्ट म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक. थायरॉइड म्हटलं की आपल्याकडे वजन वाढणंच डोळ्यांपुढे येतं, पण ते ग्रंथी मंदावल्यावर. ती जास्त काम करू लागली की शरीराचा खर्च बसल्याजागी वाढतो : छाती धडधडते, हात थरथरतात, पंखा लावूनही उकडतं, संडासला जास्त वेळा जावं लागतं. वयस्कर माणसांत बऱ्याचदा यातलं काहीच ठळक दिसत नाही. फक्त वजन उतरतं, माणूस गप्प-गप्प होतो आणि नाडी अनियमित लागते. त्यामुळे टीएसएच ही थायरॉइडची एक तपासणी वजन घटलेल्या साठीपुढच्या प्रत्येकात करावीच. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल, तर डोस जास्त झालाय का हेही त्यातच कळतं.

तिसरा प्रकार, खाल्लेलं अंगी न लागणं. पित्तनलिका, स्वादुपिंड किंवा लहान आतडं यांत बिघाड असेल तर अन्नातले स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत. मळ फिकट, चिकट, तेलकट होतो, घाण वास मारतो, आणि बादलीभर पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहतो. बरीच वर्षं दारू घेणाऱ्यांत स्वादुपिंडाचा असा बिघाड आढळतो. काहींना गहू सोसत नाही आणि आतड्याचं अस्तर झिजतं. याबद्दल बोलायला माणसं लाजतात, म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगावं.

जंतांवरही सगळं खापर फोडलं जातं. मुलांत जंतांमुळे वाढ खुंटते, रक्त कमी होतं, पण मोठ्या माणसाचे सात किलो निव्वळ जंतांनी नेले असं सहसा होत नाही. जंताची गोळी घ्यायला हरकत नाही. ती घेऊन पुढचे तीन महिने वाट बघत बसायला मात्र हरकत आहे.

आतापर्यंतचं सगळं भूक टिकून असलेल्यांचं झालं. या सदराचे बाकीचे वाचक आपापल्या घरातल्या माणसाचा विचार करत असतील, ज्याची भूकच गेली आहे. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या देशात इथे पहिला विचार क्षयाचा, म्हणजे टीबीचा करावा लागतो.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्री उशी भिजवणारा घाम आणि उतरतं वजन, ही चौकडी बहुतेकांना माहीत असते. पण सगळ्यांना खोकला असतोच असं नाही. टीबी मानेच्या गाठींत होतो, आतड्यांत होतो, मणक्यात होतो, आणि तिथे नुसता ताप आणि वजनाची घट एवढंच दिसू शकतं. शरीर जंतूंशी झगडताना जी रसायनं सोडतं, ती भूक मारतात आणि त्याच वेळी स्नायू मोडायला लावतात. जमा घटते आणि खर्च वाढतो, दोन्ही एकदम.

वजन आणि क्षय यांचं नातं दुहेरी आहे, हे कमी लोकांना माहीत असतं. क्षयाने वजन घटतं, आणि घटलेल्या, कुपोषित शरीरात क्षय लवकर होतो. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रुग्णाच्या घरातल्या माणसांना धान्य-डाळीचा जादा शिधा दिला, तर त्यांच्यात नवा क्षय होण्याचं प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी घटलं. रुग्णांमध्येही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्या मृत्यूचा धोका साठ टक्क्यांनी कमी आढळला. औषधाइतकंच ताटही महत्त्वाचं, असा त्याचा सरळ अर्थ. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी आणि सहा महिन्यांचे उपचार मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात २०१८ पासून दरमहा ५०० रुपये येत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. हे पैसे रुग्णाच्या हक्काचे आहेत, मागायला संकोच नको.

आणखी एक जोड लक्षात ठेवण्यासारखी आहे : मधुमेह असेल तर टीबी होण्याचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. म्हणून तुमच्या सासऱ्यांची साखर वाढलेली निघाली, तरी छातीचा एक्स-रे चुकवू नका. एक कारण सापडलं की दुसरं नसतंच, असं शरीराने लिहून दिलेलं नाही.

तुम्हाला जो शब्द लिहवला नाही, पण ‘काळजी करावी की नाही’ या वाक्यामागे जो नक्की आहे, त्याबद्दलही बोलू. कर्करोगाने वजन घटतं. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, फुप्फुस यांच्या कर्करोगात ते लवकर आणि ठळक घटतं. तिथेही शरीरभर पसरलेला दाह स्नायू मोडत राहतो, म्हणून नुसतं जास्त खाऊ घालून वजन परत येत नाही. पण विनाकारण वजन घटलेल्या लोकांची पद्धतशीर तपासणी होते, तेव्हा बहुतेक अभ्यासांत कर्करोग निम्म्याहून बराच कमी जणांत निघतो. बाकीच्यांत पोटाचे साधे विकार, साखर, थायरॉइड, संसर्ग, औषधं आणि मनाचे आजार असतात. भीतीपोटी तपासणी टाळणारे पुष्कळ पाहिले आहेत. तपासणी टाळल्याने आजार टळत नाही, फक्त तो उशिरा कळतो. घास घशात अडकणं, काळा मळ, कावीळ, थुंकीतून रक्त, आवाज बसून न सुटणं, अंगात कुठे गाठ, यांपैकी काही असेल तर आठवडा काढू नये.

आता ज्या कारणांकडे रिपोर्ट काढून कधीच लक्ष जात नाही, त्यांच्याकडे वळू. माझ्या मते वयस्करांच्या बाबतीत ती सर्वांत दुर्लक्षित आहेत, आणि सर्वांत सहज दूर होणारीही.

दात पडलेले असतात, किंवा कवळी सैल झालेली असते. वजन उतरलं की हिरड्या आकसतात, कवळी आणखी सैल होते, आणि माणूस भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मोडाची उसळ सोडून पेज-वरणभातावर येतो. पोट भरतं, पण प्रथिनं निम्म्यावर येतात. घरातल्यांना वाटतं, ‘जेवतात की व्यवस्थित’. मग ब्लडप्रेशर निघाल्यावर मीठ बंद, साखर निघाल्यावर भात आणि गोड बंद, कोलेस्टेरॉलसाठी तेल-तूप बंद. प्रत्येक पथ्य आपापल्या जागी योग्य असेल, पण सगळी एकत्र एकाच ताटात आली की ते ताट बेचव होतं आणि वजन उतरतं. सत्तरीच्या माणसाला कडक पथ्य देताना त्याचं वजन नजरेआड करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

औषधंही वजन घटवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन भूक कमी करते. साखरेच्या काही नव्या गोळ्या तर मुद्दामच लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांचं कामच ते आहे. हृदयाच्या, फिटच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी जेवणावरची वासना उडते. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची नावं तोंडी सांगण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत घालून न्यावीत, त्यात आयुर्वेदिक आणि घरगुती औषधंही आली.

आणि मन. जोडीदार गेल्यावर, निवृत्तीनंतर, मुलं परगावी गेल्यावर एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो. सकाळचाच भात रात्री खाल्ला जातो, पुढे तोही नको होतो. झोप पहाटे तीनला मोडते, कशातच राम वाटत नाही. हे नैराश्य आहे आणि ते औषधाने, सोबतीने बरं होतं. ‘टेन्शनने बारीक झाले’ असं आपण सहज म्हणतो, आणि ते म्हटलं की विषय संपला असं धरतो. पण टेन्शन हे कारण शेवटी धरायचं, बाकीचं तपासून झाल्यावर. आणि तेच कारण निघालं तर त्यावर उपचारही करायचे. विसरभोळेपणा वाढलेली माणसं तर जेवलोय की नाही हेच विसरतात.

आता टॉनिकचं काय करायचं? बाटल्या कपाटात ठेवा. टॉनिकने तूट का पडली ते कळत नाही, आणि त्यातल्या अनेकांत साखरेचा पाक असतो. सासऱ्यांची साखर वाढलेली असेल तर दिरांची माया त्यांनाच बाधेल. वजन वाढवण्याच्या बिननावाच्या पुड्या आणि पावडरी तर घरातच येऊ देऊ नका. तसल्या पावडरींत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. त्याने भूक लागते, चेहरा भरतो, घरातले खूश होतात, आणि आत साखर भडकते, दबलेला टीबी उफाळतो. सासूबाईंना नजर काढू द्या, त्यात त्यांचं प्रेम आहे. फक्त मीठ-मोहऱ्या उतरून झाल्यावर दवाखान्यात जायचं राहू नये.

डॉक्टर पहिल्या फेरीत साधारण काय तपासतील तेही सांगतो, म्हणजे यादी पाहून धसका बसणार नाही. सीबीसी, ईएसआर, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी, टीएसएच, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, लघवी, मळातलं न दिसणारं रक्त, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी. एचआयव्हीचं नाव वाचून दचकू नका, ही तपासणी नेहमीच्या यादीतलीच आहे आणि ती करायला सांगितली म्हणजे कुणाच्या वागण्यावर बोट ठेवलं असं नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात यातल्या बऱ्याच तपासण्या होतात. थेट सीटी स्कॅन किंवा पूर्ण शरीराच्या महागड्या पॅकेजपासून सुरुवात करायची गरज नसते. आधी नीट विचारपूस, हात लावून तपासणी आणि या साध्या चाचण्या, मग जिथे बोट ठेवलं जाईल तिथली पुढची तपासणी.

कधीकधी सगळं करूनही काही सापडत नाही. अशा लोकांचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्याइतकं असतं. त्याने निराश व्हायचं कारण नाही, कारण या पहिल्या फेरीत सगळं नीट निघालं तर मोठा आजार लपलेला असण्याची शक्यता बरीच उतरते. मग वजनाची नोंद ठेवायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. घट थांबली असेल तर उत्तम, चालूच असेल तर पुन्हा शोध.

तुमच्या सासऱ्यांपुरतं बोलायचं तर वाढलेली भूक, रात्रीची लघवी आणि दहा टक्के घट ही लक्षणं मला साखरेकडे बोट दाखवताना दिसतात. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही, पण पहिली तपासणी कोणती, हे मात्र सांगू शकतो. याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त आली, तर तो मधुमेह धरला जातो आणि उपचार लगेच सुरू होतात. योग्य औषधाने लघवीतून जाणारी साखर थांबली की वजन बऱ्यापैकी परत येतं. मधल्या काळात त्यांना उलट्या होऊ लागल्या, पोटात दुखलं, श्वास जोराजोरात चालला किंवा ग्लानी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. साखर नॉर्मल आली तर तो रिपोर्ट घेऊन घरी बसू नका. त्याच डॉक्टरांकडून टीएसएच आणि छातीचा एक्स-रे लिहून घ्या. सात महिन्यांतल्या वजनांचे जेवढे आकडे आठवतात तेवढे तारखेसह एका कागदावर मांडा, आणि तो कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या हातात द्या.